नवजात बाळाला रात्री अंगावर पाजताना: पहिल्या महिन्याची तयारी, पद्धत आणि अडचणी

पहिला महिना-सव्वा महिना बाळाला दिवस काय आणि रात्र काय, सारखंच. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं म्हटलं की रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात तीन-चारदा उठणं आलंच. यावर घरोघरी एकच तोडगा निघतो: ‘रात्रीचं एक वेळ वरचं दूध द्या, बाळंतिणीला झोप तरी लागेल.’ सल्ला प्रेमापोटी असतो, पण पहिल्या महिन्यात दूध कमी होण्याची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवतं. शिवाय स्तन रिकामा होईल तसं पुढचं दूध भरतं. भरलेला राहिला तर शरीर दूध बनवणं आवरतं घेतं. म्हणून रात्रीचं पाजणं गाळायचं नाही, त्यातले कष्ट कमी करायचे. त्यातले निम्मे कष्ट संध्याकाळच्या तयारीने वाचतात आणि उरलेले बाळाने स्तन नीट तोंडात घेतला की वाचतात.

पहिल्या पाच रात्री

जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला छातीशी घ्यावं. सिझेरियन असलं तरी आई शुद्धीत असेल आणि बाळ ठीक असेल तर हे जमतं. पहिल्या दिवशी येतो तो चीक. बाळ एका वेळेला २ ते १० मिलिलिटर चीक पितं आणि त्याला तेवढा पुरतो. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० आणि चौथ्या दिवशी ३० ते ६० मिलिलिटर असं हे प्रमाण चढत जातं. ‘अजून दूध उतरलं नाही’ म्हणून मध, साखरपाणी किंवा गुटी चाटवू नका. मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, त्यामुळे वर्षाच्या आत मध नकोच.

पहिल्या रात्री बाळ बहुधा गाढ झोपतं. खरी परीक्षा दुसऱ्या रात्री. दिवसभर शांत असलेलं बाळ रात्री दहानंतर सुरू होतं ते पहाटेपर्यंत सोडत नाही. पाच मिनिटं पितं, डोळा लागतो, खाली ठेवलं की रडतं, पुन्हा मागतं. ‘पोट भरत नाही’ असं म्हणून दूध पावडरचा डबा फोडला जातो तो याच रात्री. खरं तर हे अपेक्षितच आहे. या सततच्या ओढण्यामुळेच तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरभरून येतं. त्या रात्री बाळाला फक्त लंगोट ठेवून आईच्या उघड्या छातीवर घ्या, वरून दुपटं पांघरा आणि मागेल तेव्हा बाजू बदलत पाजत राहा. (दवाखान्यातून दूध पावडरचा फुकट डबा मिळाला तरी भुलू नका. असे नमुने वाटायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे.)

दूध उतरतं ते साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान. सिझेरियननंतर कधी कधी एखादा दिवस उशीर होतो.

पुरतंय की नाही, हे लंगोट सांगतो

रडण्यावरून अंदाज करू नका, लंगोट मोजा. पहिल्या दिवशी किमान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा, फिकट रंगाची. शी पहिले दोन दिवस काळी आणि चिकट, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, दाणेदार झाली पाहिजे. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दूध पोटात कमी जातंय. पहिल्या दोन-तीन दिवसांत शूचा विटकरी डाग पडला तर चालतो, चौथ्या दिवसानंतर पडला तर बाळाला दाखवा.

डायपरमध्ये थोडी शू कळतच नाही. पहिला आठवडा सुती लंगोट वापरला तर धुणं वाढतं, पण हिशेब चोख राहतो. बाहेर जाताना खुशाल डायपर वापरा.

वजनाचंही लक्षात असू द्या. पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत घट चालते. १० टक्क्यांच्या पुढे गेली तर पाजण्याची पद्धत लगेच तपासून घ्यावी लागते. दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन परत आलं पाहिजे. तोपर्यंत बाळाला एका वेळी तीन तासांपेक्षा जास्त झोपू द्यायचं नाही. हे तीन तास पाजायला सुरुवात केल्यापासून मोजायचे. एक वाजता पाजायला घेतलं आणि पावणेदोनला संपलं, तर पुढची वेळ चारची, पावणेपाचची नाही. ही मोजणी चुकली की दिवसाकाठी एक-दोन वेळा पाजायचं राहून जातं आणि आठवड्याने काट्यावर वजन वाढलेलं दिसत नाही.

संध्याकाळी हाताशी काय ठेवायचं

झोपण्यापूर्वी उशाशी ठेवा: झाकणाची पाण्याची बाटली, काहीतरी खायला (डिंकाचा किंवा अळिवाचा लाडू, नाहीतर नुसते शेंगदाणे-गूळ), चार-पाच लंगोट, दोन दुपटी, दूध टिपायला मऊ रुमाल, कापूस आणि थर्मासमध्ये कोमट पाणी. आईसाठी पुढून उघडणारा गाऊन आणि एक जादा गाऊन, कारण दुधाने भिजतोच. पाजायला घेतलं की घशाला कोरड पडते. बाळंतिणीने पाणी बेतानं प्यावं हा जुना समज सोडून द्या आणि तहान लागेल तेवढं प्या. त्याहून जास्त ढोसल्याने दूध वाढत नाही, हेही तितकंच खरं.

उजेडाला झिरोचा बल्ब पुरे, शक्यतो पिवळा. ट्यूबलाइट लावली की बाळ टक्क जागं होतं आणि आईचीही झोप उडते. मोबाइलचं तेच. मात्र बाळ पिवळं दिसतंय का, हे या उजेडात ठरवू नका. ते सकाळी खिडकीपाशी नेऊन बघायचं.

शेक-शेगडीची पद्धत असेल तर ती दिवसा, दारं-खिडक्या उघडी ठेवून. रात्री बंद खोलीत पेटते निखारे ठेवायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणसं दगावतात.

एक पाजणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

१. रडायची वाट पाहू नका. बाळ चुळबुळ करतं, जीभ बाहेर काढतं, मूठ तोंडाकडे नेतं, मान इकडेतिकडे वळवतं, तीच वेळ. रडायला लागलेलं बाळ स्तन नीट तोंडात घेत नाही. आधी छातीशी धरून शांत करावं लागतं आणि त्यात आणखी दहा मिनिटं जातात.

२. बसा. पाठ भिंतीला किंवा पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूला टेकलेली, पाठीमागे उशी. बाळाला स्तनाच्या उंचीवर आणायचं. स्तन बाळाकडे वाकवायचा नाही. रात्री कंटाळ्याने वाकून पाजलं की चार दिवसांत मान-खांदे धरतात आणि दोष मात्र भुलीच्या इंजेक्शनला दिला जातो.

३. नवीन आईला सर्वांत सोपी पकड म्हणजे उलट्या हाताची. डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळ उजव्या हातावर. उजव्या हाताचा तळवा बाळाच्या खांद्यांमागे, अंगठा एका कानामागे आणि बोटं दुसऱ्या कानामागे. डोक्याचा मागचा भाग दाबायचा नाही, दाबला की बाळ मान मागे टाकतं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. डाव्या हाताने स्तनाला खालून आधार, बोटं निपलपासून लांब.

४. बाळाचं नाक निपलसमोर आणा आणि निपल वरच्या ओठावर हलकेच फिरवा. बाळ जांभई दिल्यासारखा मोठा ‘आ’ करेपर्यंत थांबा. अर्ध्या उघडलेल्या तोंडात निपल कोंबणं हीच सगळ्या दुखण्याची सुरुवात. तोंड पूर्ण उघडलं की बाळाला झटकन जवळ ओढा, आधी हनुवटी टेकवायची, मग वरचा ओठ.

५. आता तपासा. हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले. निपलभोवतीचा काळसर भाग वरच्या ओठापाशी जास्त आणि खाली कमी दिसायला हवा. ‘टक टक’ आवाज येत असेल किंवा गालाला खळी पडत असेल तर पकड उथळ आहे. पहिले काही सेकंद चिमटल्यासारखं होऊ शकतं. त्यानंतरही दुखत असेल तर सहन करत बसू नका. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवा, हवा आत गेली की पकड सुटेल, मग पुन्हा लावा. नुसतं ओढून काढलं तर चीर पडते.

६. ऐका. सुरुवातीला भराभर छोटी चोखणी, मग पान्हा फुटला की लय संथ होते: एक-दोनदा चोखणं, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबणं आणि गिळल्याचा हलका ‘ख’ असा आवाज. बाळ पितंय याचा पुरावा हा आवाज. नुसतं तोंड हलतंय आणि गिळणं नाही, तर स्तन तळव्याने हलकेच दाबून धरा. धार वाढते आणि बाळ पुन्हा गिळायला लागतं.

७. पहिली बाजू पूर्ण संपू द्या. साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात, पण घड्याळ लावून बाजू बदलू नका. शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं. बाळाने आपणहून सोडलं किंवा गिळणं थांबलं की थांबायचं.

८. लंगोट बदलायचा तो या मधल्या वेळेत. पेंगुळलेलं बाळ त्याने जागं होतं आणि दुसरी बाजू नीट घेतं. दोन्ही बाजू झाल्यावर लंगोट बदलायला गेलात तर झोपलेलं बाळ उठवून बसवाल. शी असेल तर मात्र कधीही बदला.

९. दुसरी बाजू द्या, घेतलं तर घेतलं. पुढच्या वेळी सुरुवात या दुसऱ्या बाजूने. रात्रीच्या पेंगेत हे आठवत नाही म्हणून गाऊनच्या त्या बाजूला सेफ्टी पिन न लावता एखादी दोरी बांधा, नाहीतर बांगडी त्या हातात घाला.

१०. बाळाला खांद्यावर पाच-दहा मिनिटं उभं धरा. अंगावर पिणारी बाळं रात्री अनेकदा ढेकर देतच नाहीत. आला नाही तर पाठ बडवत अर्धा तास बसायची गरज नाही.

कुशीवर झोपून पाजणं

टाके असले, कंबर भरून आली असली तर ही पद्धत फार कामाची. पण ती आधी दिवसा, कोणीतरी जवळ असताना शिकून घ्या. कुशीवर वळा, डोक्याखाली उशी, पाठीमागे एक उशी, गुडघे थोडे वाकवून मध्ये आणखी एक. बाळालाही तुमच्याकडे तोंड करून कुशीवर घ्या, त्याचं नाक खालच्या स्तनाच्या निपलसमोर. खालचा हात बाळाच्या डोक्यावरून वर नेऊन ठेवा, डोकं दंडावर घेऊ नका. दंडावर घेतलं की बाळ उंच जातं आणि पकड निसटते. सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाचे पाय बसू नयेत म्हणून मध्ये घडी घातलेला टॉवेल धरा. पिऊन झालं की बाळाला पाठीवर वळवायचं.

पाजताना आईला झोप येणं स्वाभाविक आहे, संप्रेरकंच तशी असतात. म्हणून झोप लागलीच तर कुठे लागेल, याचा विचार आधी करायचा. सोफा, आरामखुर्ची, बीन बॅग इथे रात्री पाजायला बसू नका. बाळ उशी आणि शरीर यांच्यामधल्या फटीत सरकून गुदमरतं. बाळाची जागा आईच्याच खोलीत, हात पुरेल इतक्या अंतरावर, पण वेगळ्या, सपाट, कडक गादीवर, पाठीवर. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, चहूबाजूंनी लोड, वर जाड गोधडी, यांतलं काहीही बाळाच्या झोपण्याच्या जागी नको. घरात बिडी-सिगारेट ओढणारं कोणी त्याच पलंगावर झोपत असेल, कोणी दारू किंवा झोपेचं औषध घेतलं असेल, बाळ ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा अडीच किलोंहून कमी वजनाचं असेल, तर एका गादीवर झोपणं धोक्याचं.

दुपट्यात बाळ गुंडाळताना छातीवर बसेल पण नितंब-पाय मोकळे हलतील इतकं सैल. पाजायच्या आधी हात सोडा. घट्ट गुंडाळलेलं, ऊबदार बाळ भूक विसरून झोपतं.

रात्री दोन वाजता काय बिघडतं

*बाळ उठतच नाही.* दुपटं आणि झबलं काढा, लंगोट बदला, तळपाय आणि पाठीचा कणा बोटाने चोळा, छातीशी लावून धरा. तोंडावर पाणी शिंपडू नका, पाय टिचकवू नका. तरीही प्यायला नाही तर चीक किंवा दूध हाताने काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. लागोपाठ दोन वेळा असंच झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना.

*स्तन दगडासारखे कडक.* तिसरी ते पाचवी रात्र. निपल सपाट होतं आणि बाळाच्या तोंडातून घसरतं. पाजण्याआधी निपलभोवती बोटं टेकवून मिनिटभर छातीच्या दिशेने स्थिर दाब द्या, काळसर भाग मऊ पडतो. मग थोडं दूध हाताने काढा आणि बाळाला स्तनाला लावा. पाजून झाल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. पंपाने पूर्ण रिकामं करत बसलात तर शरीर आणखी दूध बनवतं आणि उद्या रात्री तेच पुन्हा.

*निपलला चीर.* कारण जवळपास नेहमीच उथळ पकड. पाजून झाल्यावर निपल लिपस्टिकच्या टोकासारखं एका बाजूला चपटं दिसलं तर निदान पक्कं. वरून मलमं बदलत बसण्यापेक्षा पायरी चार पुन्हा करा. स्वतःचंच दूध लावून वाळू द्या, साबण नको.

*गाठ, लालसर पट्टा, थंडी वाजून ताप.* पाजणं थांबवू नका, त्या बाजूचं दूध बाळाला चालतं. गाठ जोरात रगडू नका, आतला भाग सुजतो. थंड शेक आणि पॅरासिटामॉल. चोवीस तासांत उतार नाही तर डॉक्टरांकडे जा, प्रतिजैविक लागू शकतं.

घरच्यांनी काय करायचं

बाबांनी एक वेळ बाटली द्यावी आणि आईने सलग झोपावं, हे कागदावर छान दिसतं. पण पहिल्या महिन्यात त्या वेळी आईला दूध काढावंच लागतं, नाहीतर स्तन भरून येतात. मग झोप वाचली कुठे? त्यापेक्षा बाबांनी बाळ उचलून आणून द्यावं, मधला लंगोट बदलावा, नंतर खांद्यावर धरून झोपवावं. आईचं जागणं पाऊण तासावरून पंचवीस मिनिटांवर येतं. सकाळी सहाचं पाजणं झालं की आजीने बाळ घ्यावं आणि बाळंतिणीला आठपर्यंत कोणी उठवू नये, पाहुणे आले तरी.

काढलेलं दूध खोलीत चार तास टिकतं, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहून कमी धरा. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नव्हे, चार दिवस. गरम पाण्याच्या वाटीत भांडं ठेवून कोमट करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही. पाजताना बाळ अर्धवट बसतं धरा, बोंडल्याचं टोक ओठाच्या कोपऱ्याशी, एक घोट गिळेपर्यंत दुसरा नाही. बोंडलं साबणाने धुऊन दहा मिनिटं उकळा.

आईच्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि बाळाचे ड जीवनसत्त्वाचे रोजचे ४०० युनिटचे थेंब डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे चालू ठेवा. पाणी, ग्राइप वॉटर, गुटी हे सहा महिने काही नको.

सकाळची वाट पाहायची नाही अशा गोष्टी

बाळ पीत नाही किंवा हलवल्याशिवाय हालचाल करत नाही. काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३५.५च्या खाली, शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, श्वासागणिक छाती आत ओढली जाणं, झटके, हिरवी उलटी, जन्मानंतर चोवीस तासांच्या आत पिवळेपणा किंवा नंतर कधीही तळहात-तळपाय पिवळे. यांतलं एकही दिसलं तर १०८ला फोन करा. सरकारी दवाखान्यात वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत असते. कोवळ्या उन्हात धरून कावीळ उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका.

तातडीचं नसेल तर आशाताईंना विचारा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात आणि वजन करतात. त्यांच्यासमोर एकदा पाजून दाखवा. चुकीची पकड सांगून कळत नाही, बघून कळते. आयआयटी मुंबईच्या हेल्थ स्पोकन ट्युटोरियलचे उलट्या हाताच्या पकडीवरचे मराठी व्हिडिओही मोफत बघता येतात.

रात्र लांबते तेव्हा

जन्मवजन परत आलं, वजन रोज २०-३० ग्रॅमने वाढतंय, लंगोट भरपूर ओले होताहेत, अशा बाळाला रात्री मुद्दाम उठवायची गरज उरत नाही. ते आपणहून कधी चार, कधी पाच तास झोपेल, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अचानक पुन्हा दीड-दीड तासाने उठेल. दोन-तीन दिवस असं मागतं आणि पुन्हा मूळ पदावर येतं, दूध आटलेलं नसतं. बाळ एखाद्या रात्री जास्त झोपलं आणि तुम्ही भरलेल्या स्तनांनी जाग्या झालात, तर आराम वाटेल एवढंच दूध हाताने काढा, आणि पहाटे जी बाजू जास्त जड आहे तिने सुरुवात करा.